वाघाचा माग, माणसांचा माग : जेम्स औट्रमची खानदेशातील दहा वर्षे

मार्च २०२१ मध्ये चाळीसगाव आणि कन्नड यांच्या मधल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात वनखात्याच्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या जंगलातून तो शेकडो किलोमीटर चालत येथवर पोहोचला होता. या डोंगरातून वाघ नाहीसा होऊन तेव्हा सुमारे आठ दशके लोटली होती. साहजिकच वर्तमानपत्रांनी या पाहुण्याचे कोडकौतुक केले. त्या बातमीत एक विसंगती मात्र दडलेली होती. ज्या अभयारण्यात वाघाने आश्रय घेतला, त्याच्या नावातला ‘औट्रम’ हा खानदेशातील सर्वांत नामांकित वाघमाऱ्या होता. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत त्याच्या समक्ष १९१ वाघ मारले गेले, अशी त्याच्या चरित्रकाराची नोंद आहे. अस्वले आणि बिबटे वेगळेच.

धुळे-सोलापूर महामार्गावर कन्नडचा घाट चढताना वाहनांच्या रांगेत अडकलेल्या प्रवाशाला हा औट्रम कोण, असा प्रश्न क्वचितच पडतो. पडलाच, तर एखादा रस्ता बांधणारा इंग्रज साहेब असेल, अशी समजूत करून घेऊन तो पुढे जातो. या माणसाच्या आयुष्याची मोठी पर्वे पुढे अफगाणिस्तान, सिंध, बडोदा आणि लखनौ येथे घडली, आणि इतिहासाच्या पुस्तकांत तीच नोंदली गेली. तो घडला मात्र धरणगाव, एरंडोल, यावल, सावदा या आपल्या परिचयाच्या गावांच्या आसपास. त्याला घडविणारे होते येथले भिल्ल शिकारी. त्या शिकवणीचे मोल कोणी चुकते केले, हा या कथेतला खरा प्रश्न आहे.

जेम्स औट्रमचा जन्म १८०३ चा, इंग्लंडमधील डर्बीशायरचा. वडील बेंजामिन औट्रम नावाजलेले स्थापत्य अभियंता होते. कालवे आणि लोखंडी रुळांचे मार्ग बांधण्यात त्यांचा हातखंडा होता. १८०५ मध्ये ते अकस्मात वारले आणि घरावर कर्जाचा डोंगर कोसळला. आई मार्गारेट स्वाभिमानी बाई. मुलांना घेऊन ती स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीन येथे राहिली आणि पै पै जोडून तिने मुलांचे शिक्षण केले. जेम्सने पाद्री व्हावे, असे घरात चालले होते. धर्मोपदेशक होण्यापेक्षा आपण साधा शिपाई होऊ, असे त्याने बहिणीपाशी निक्षून सांगितले. अखेर १८१९ मध्ये कंपनी सरकारच्या लष्करातली उमेदवारी मिळवून तो मुंबईला उतरला. सोळा वर्षांचा हा मुलगा अंगाने इतका लहानखुरा होता की, लष्करी अधिकाऱ्यांमध्ये सर्वांत ठेंगणा म्हणून तो ओळखला जाई. त्यात ताप पाचवीला पुजलेला. पहिली काही वर्षे तो वारंवार अंथरुणाला खिळला.

शिकारीचा नाद त्याला खानदेशात येण्यापूर्वीच लागला होता. काठियावाडात राजकोटच्या छावणीत इंग्रज अधिकारी घोड्यावरून रानडुकरांची भाल्याने शिकार करीत. डुकराच्या अंगात प्रथम ज्याचा भाला रुते, त्याचा मान. एका हंगामात असे १२३ मान होते, त्यांतले ७४ एकट्या औट्रमने पटकावले. परंतु हा झाला मर्दानी खेळ. मोकळे माळरान, भरधाव घोडा, सोबतीला बरोबरीचे मित्र आणि संध्याकाळी भोजनगृहात रंगवून सांगायच्या गोष्टी. रानात एकट्याने, पायी, सावजाच्या मागावर जाणे ही विद्या वेगळी. ती शिकविणारे गुरू त्याला अद्याप भेटायचे होते.

ते भेटले खानदेशात. हा मुलूख १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा त्याची अवस्था दयनीय होती. होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या, पाठोपाठ १८०३ चा भीषण दुष्काळ, यांनी गावेच्या गावे ओस पडली होती. जेथे शेते होती तेथे काटेरी झुडपे माजली आणि झुडपांमागून जनावरे गावांच्या वेशीपर्यंत आली. १८२२ या एका वर्षात हिंस्र पशूंनी ५०० माणसे आणि २० हजार गुरे मारली, असे सरकारी गॅझेटियर सांगते. आज तापीकाठच्या केळीच्या बागा पाहताना हे आकडे खरे वाटत नाहीत. यावलचेच पाहा. शिंद्यांनी १७८८ च्या सुमारास निंबाळकरांना दिलेले हे गाव त्यांच्या अमदानीत जाड्याभरड्या कागदासाठी आणि निळीसाठी प्रसिद्ध होते. १८२१ मध्ये निंबाळकरांनी ते इंग्रजांच्या हवाली केले. पुढे १८३७ मध्ये ते पुन्हा शिंद्यांकडे गेले आणि १८४३ मध्ये परत इंग्रजांकडे आले. गावाच्या उत्तरेला सातपुडा, आणि त्या डोंगरात कोणाचीच सत्ता पुरती चालत नव्हती.

डोंगर भिल्लांचे होते. पूर्वी हेच भिल्ल गावोगाव जागल्याचे काम करीत. चोराच्या पावलांचा माग काढीत ते दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत जात. माग त्या गावात शिरला की चोर हुडकण्याची अथवा नुकसान भरून देण्याची जबाबदारी त्या गावाची. धुळीतल्या अर्धवट उमटलेल्या टाचेवरून माणूस ओळखण्याची ही विद्या त्यांच्या घराण्यांत चालत आलेली. धामधुमीच्या काळात ही घडी विस्कटली. हक्क बुडाले, लूटमार हाच निर्वाह झाला आणि तिच्या बंदोबस्तासाठी पेशवाईच्या अखेरीस अंमलदारांनी जे उपाय योजले, त्यांचे वर्णन वाचताना आजही अंगावर काटा येतो. कोपरगावी बाळाजी लक्ष्मण या अधिकाऱ्याने समेटाच्या मिषाने हजारो भिल्लांना एकत्र बोलाविले आणि त्यांतील बहुतेकांना मारून दोन विहिरींत टाकले. अशाच कत्तली इतरत्रही झाल्या. तेव्हा सरकार बोलावते आहे, या निरोपाचा भिल्लांच्या लेखी एकच अर्थ उरला होता.

मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी ठरविले की, केवळ पलटणी पाठवून हे डोंगर शांत होणार नाहीत. १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांसाठी तीन विभाग करण्यात आले. कन्नडकडे ओव्हान्स, वायव्येला कुकरमुंड्याकडे रिग्बी आणि ईशान्येला औट्रम. औट्रमकडे विशेष कामगिरी होती. त्याने भिल्लांचीच पलटण उभारायची होती. (कन्नडचा विभाग ओव्हान्सचा, घाटाला नाव मात्र औट्रमचे. कीर्तीचा न्याय हा असा असतो.) ओव्हान्स नांगर, बैल आणि तगाई देऊन भिल्लांना शेतीवर बसवीत होता. कष्टाचे आणि कंटाळवाणे काम. त्याच्या कथा कोणी सांगितल्या नाहीत.

औट्रमचे वय तेव्हा बावीस. भिल्ल पलटण उभारण्याचे प्रयत्न त्याच्याआधी फसले होते. त्याने प्रथम शस्त्राचाच मार्ग धरला. डोंगरातल्या एका टोळीवर छापा घातला, काही जण हाती लागले, आणि त्यांच्यामार्फत त्याने नायकांशी बोलणे सुरू केले. त्यानंतर तो एकटाच, पहाऱ्याविना, त्यांच्या वस्त्यांवर जाऊन राहू लागला. त्यांच्याबरोबर जेवला, त्यांना मुबलक दारू पाजली, त्यांच्यातच निजला. हे सारे त्याने स्वतःच नमूद करून ठेवले आहे. पुष्कळ दिवसांनी पाच धाडसी भिल्ल त्याच्याकडे नोकरीला राहिले. पाच माणसांची पलटण! तरीही आता यश आपलेच, अशी त्याची खात्री झाली.

याच दिवसांत शिकार कामाला आली. भिल्लांबरोबर रानात हिंडताना औट्रमला पायी शिकारीचे धडे मिळाले. हे धडे वाघापासून सुरू होत नाहीत, ते सुरू होतात हरणापासून. सांबर, चितळ, भेकर, नीलगाय हीच रानाची बाराखडी. हरणाला नजरेपेक्षा नाकाने आणि कानाने शत्रू आधी कळतो. म्हणून मुठीतली धूळ सोडून वारा कोणत्या अंगाने वाहतो ते पाहायचे आणि वारा तोंडावर घेत पुढे सरकायचे. लेंडी ओली की सुकलेली, खुराची कड धारदार की ढासळलेली, यावरून सावज किती वेळापूर्वी गेले ते ठरवायचे. चैत्र-वैशाखात पानगळ झालेली असते, ओढे आटलेले असतात आणि उरलेल्या डबक्यांवर सारे रान येते. मागाची खरी शाळा तेव्हा भरते. चितळ अचानक ओरडले, वानराने झाडावरून खोकल्यासारखा आवाज काढला, की समजायचे, या भागात आपल्याशिवाय दुसराही कोणी शिकारी हिंडतो आहे. हरणाचा माग नीट काढता आला, तर वाघापर्यंत पोहोचता येते. वाघ हरणांच्याच मागावर असतो.

हत्तीवरच्या हौद्यातून अथवा मचाणावर बसून, शेकडो लोकांच्या हाक्याने जनावर पुढ्यात आणवून गोळी घालणे ही साहेबांची आणि संस्थानिकांची रीत. औट्रम भिल्लांच्या रीतीने पायी जाऊ लागला. त्या काळची बंदूक ठासणीची होती. एकदा बार उडाला की दारू, गोळी, गज असा सारा खटाटोप नव्याने करावा लागे. जखमी वाघ तेवढी सवड देत नाही. पायी शिकाऱ्याचा नेम चुकला म्हणजे पुढचा क्षण वाघाचा.

तो क्षण औट्रमच्या वाट्याला लौकरच आला. १८२५ चा एप्रिल अथवा मे महिना होता. धरणगाव आणि एरंडोल यांच्या दरम्यान मशिदीच्या टेकडीच्या उतारावर वाघ असल्याची खबर शिकाऱ्याने आणली. टेकडीवर निवडुंगाची दाट जाळी होती. औट्रम पायी होता, सोबतचा इंग्रज घोड्यावर. झुडूपन्झुडूप धुंडाळताना वाघ उठला. औट्रमने गोळी झाडली, ती चुकली, आणि वाघाने झेप घेऊन त्याला धरले. माणूस आणि वाघ एकमेकांत गुंतून उतारावरून गडगडत खाली गेले. त्या घसरणीत पंजाची पकड क्षणभर सैल झाली. औट्रमने कमरेचे पिस्तूल उपसले आणि वाघ ठार केला. रक्तबंबाळ साहेबाला पाहून भिल्लांनी आकांत मांडला. मांजराच्या ओरखड्याचे काय एवढे, अशा अर्थाचे काही बोलून त्याने त्यांना गप्प केले. हे बोलणे पुढे कित्येक वर्षे भिल्लांच्या वस्त्यांवर सांगितले जात होते.

अशा आणखीही कथा आहेत. एकदा वाघ अशा गचपणात दडला होता की, जमिनीवरून नेम साधेना. तेव्हा भिल्लांची मुंडाशी एकमेकांना गाठी मारून त्याचा दोर केला, औट्रम त्याला लोंबकळला आणि अधांतरी राहूनच त्याने वाघ टिपला, असे सांगतात. शिकारकथा सांगणाऱ्याबरोबर वाढत जातात, हे कोणाही वाचकाला ठाऊक आहे. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. मुंडाशाच्या गाठी ज्यांनी घट्ट धरल्या त्यांच्या हाती साहेबाचा जीव होता, आणि तो त्याने त्यांच्या हाती दिला होता. दोन विहिरींची आठवण असलेल्या लोकांपुढे सरकारचा माणूस प्रथमच अशा रीतीने उभा राहिला होता. कोणत्याही जाहीरनाम्याने हे काम झाले नसते.

पलटण वाढू लागली. सरकार भिल्लांना एकत्र जमवून पुन्हा एकदा संपविणार, अशी कंडी मध्यंतरी उठली. औट्रम त्यांच्यातच राहत असल्याने ती विरली. १८२६ मध्ये हे नवे शिपाई मालेगावच्या छावणीत गेले. औट्रमच्या जुन्या २३ व्या पलटणीत उच्चवर्णीय शिपायांचा भरणा होता. त्यांनी भिल्लांना शेजारी बसवून पानसुपारी दिली. वरकरणी लहानशीच गोष्ट. परंतु कालपर्यंत दिसेल तेथे ज्यांना मारावे, अशी रीत होती, त्यांच्या दृष्टीने ती लहान नव्हती. धरणगाव हे पलटणीचे ठाणे झाले आणि काही वर्षांत शिपायांची संख्या शेकड्यांत गेली.

येथून पुढे या कथेचा रंग पालटतो. पलटण शिकारीसाठी नव्हती. ज्या डोळ्यांनी औट्रमला सांबराचा खूर ओळखायला शिकविले, तेच डोळे आता सरकारी पगारावर माणसांचे माग काढू लागले. १८३० मध्ये या भिल्लांना घेऊन औट्रमने डांगच्या जंगलात मोहीम केली. तापाच्या भयाने बाहेरचे सैन्य जेथे शिरत नसे, त्या जंगलातले भिल्ल राजे त्याने सरकारपुढे नमविले. पुढच्याच वर्षी, १८३१ मध्ये, यावल आणि सावदा या भागांत दरोड्यांनी कहर केला, तेव्हा तपासाची कामगिरी औट्रमकडे आली. त्याने ४६९ संशयितांना पकडले आणि त्यांपैकी १५८ जणांना खटल्यासाठी न्यायालयापुढे उभे केले. म्हणजे तिघांपैकी दोघांवर खटला भरण्याइतकेही काही नव्हते. चरित्रकारांनी हा आकडा औट्रमच्या कर्तबगारीत जमा धरला आहे. यावल परिसरातल्या ज्या तीनशेहून अधिक माणसांना पकडून मग सोडून देण्यात आले, त्यांच्या बाजूने तो कोणी मांडलेला नाही.

वरिष्ठांच्या दृष्टीने ही दहा वर्षे यशाचीच ठरली. दरोडे घटले, व्यापारी मार्ग खुले झाले, शेती वाढली. शेती वाढली तसे रान मागे हटले. वाघ मारणाऱ्याला सरकार इनाम देत होते आणि त्या काळी त्यात कोणालाही वावगे दिसत नव्हते. ज्या गावातली माणसे वाघ उचलून नेतो त्या गावाला वाघमाऱ्या देवासारखाच वाटणार. आजच्या निकषांवर १९१ या आकड्याचा न्याय करणे सोपे आहे. १८२२ चे मृत्यूचे आकडे बाजूला ठेवून तो करता येत नाही, एवढेच येथे म्हणायचे आहे.

१८३५ मध्ये औट्रमने आपल्या मामेबहिणीशी, मार्गारेट अँडरसनशी, विवाह केला आणि त्याच वर्षी गुजरातेत महीकांठ्याच्या कामगिरीवर त्याने खानदेश सोडला. किरकोळ अंगकाठीचा, सदा आजारी मुलगा या रानात रुंद खांद्यांचा, पोलादी नसांचा पुरुष झाला होता. पुढचा प्रवास वेगाचा आहे. १८३८ च्या अफगाण युद्धात तो सर जॉन कीनच्या दिमतीला होता. त्यानंतर सिंधमध्ये राजकीय प्रतिनिधी झाला. तेथे १८४२ मध्ये एका मेजवानीत सर चार्ल्स नेपियरने त्याला हिंदुस्थानचा बायर्ड म्हणून गौरविले. बायर्ड हा निष्कलंक शौर्यासाठी प्रसिद्ध असलेला फ्रेंच सरदार. वर्षभरातच दोघांचे बिनसले. सिंधच्या अमिरांवर अन्याय होतो आहे, असे औट्रमचे मत होते. नेपियरने सिंध घेतलाच. औट्रमने लढाईत आपले काम केले, हैदराबादची रेसिडेन्सी थोड्या माणसांनिशी राखली, आणि लुटीतला आपला हिस्सा स्वतःकडे न ठेवता धर्मादाय वाटून टाकला. बडोद्यात रेसिडेंट असताना त्याने लाचखोरीवर, तेथल्या भाषेत ‘खटपटी’वर, अहवाल लिहिला. मुंबई सरकारला तो इतका झोंबला की, १८५१ मध्ये त्यालाच तेथून दूर करण्यात आले. सचोटीचा माणूस होता, यात शंका नाही. अवधचे राज्य १८५६ मध्ये खालसा झाले, तेव्हा लखनौचा रेसिडेंटही तोच होता, हेही विसरता येत नाही.

१८५७ मध्ये लखनौकडे कूच करताना हॅवलॉकहून हुद्द्याने वरिष्ठ असूनही त्याने सेनापतिपद हॅवलॉककडेच ठेवले आणि स्वतः स्वयंसेवक म्हणून त्याच्या हाताखाली लढला. इंग्रजी ग्रंथांत या प्रसंगाचे फार कौतुक आहे. त्याच सुमारास सातपुड्यात काय चालले होते, इकडे त्या ग्रंथांचे लक्ष नाही. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा, सरकारी नोकरीत राहिलेला खाज्या नाईक बंड करून उठला होता. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीच्या डोंगरात त्याच्या भिल्लांची आणि इंग्रज फौजेची मोठी लढाई झाली. त्या फौजेत औट्रमने धरणगावी उभी केलेली भिल्ल पलटणही होती. दोन्ही बाजूंना माग काढणारे तेच, वाटा जाणणारे तेच. याच एप्रिल महिन्यात औट्रमची नेमणूक कलकत्त्याला गव्हर्नर जनरलच्या मंडळावर झाली.

प्रकृती ढासळल्याने १८६० मध्ये तो मायदेशी परतला आणि ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समधील पो या गावी वारला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेत त्याची समाधी आहे, टेम्सच्या काठी पुतळा आहे. फोलीने घडविलेला त्याचा अश्वारूढ पुतळा आज कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात उभा आहे. गोल्डस्मिडने लिहिलेले त्याचे दोन खंडांचे चरित्र १८८० मध्ये प्रसिद्ध झाले.

खानदेशात त्याचा पुतळा नाही. यावलच्या उत्तरेचे सातपुड्यातले रान १९६९ मध्ये अभयारण्य झाले. मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेले हे क्षेत्र सुमारे १७५ चौरस किलोमीटरचे आहे. त्याच्या आसपास तडवी आणि पावरा यांच्या वस्त्या आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तेथे हरणावर बंदूक रोखणे हाही गुन्हा आहे. कन्नडच्या बाजूचे गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ चे.

औट्रमने खानदेश सोडल्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्याच्या काही जुन्या भिल्ल शिपायांना कोठेतरी एक लहानशी, ओबडधोबड मूर्ती सापडली. तिच्या चेहऱ्यात त्यांना आपल्या साहेबाची छटा दिसली. त्यांनी ती उचलून आणली, तिची स्थापना केली आणि औट्रम साहेब म्हणून तिची पूजा सुरू केली, असे त्याचे चरित्रकार लिहितात.